भांग, गांजा आणि औषध : भाविकांच्या प्रश्नांच्या निमित्ताने



महाशिवरात्र किंवा श्रावणमास जवळ आला की आपल्या न्यासाच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास विचारला जातो. महादेवाला भांग वाहतात, उज्जैनला महाकालेश्वराचा भांगेने शृंगार होतो, मग आपल्या मंदिरात वाटल्या जाणाऱ्या थंडाईत भांग का नसते? गेल्या काही वर्षांत या प्रश्नाच्या जोडीला आणखी प्रश्न येऊ लागले आहेत. परदेशांत गांजा कायदेशीर झाला, तसा तो आपल्याकडेही व्हावा काय? घरातील कर्करोगाच्या रुग्णास कोणी 'विजया'चे तेल सुचविले आहे, ते द्यावे काय? आणि ज्या पानाला देवाच्या पूजेत स्थान आहे, त्याने अपाय होईलच कसा?

हे सर्व प्रश्न एकाच वनस्पतीभोवती फिरतात. परंतु त्यांत तीन निरनिराळे विषय मिसळलेले आहेत : एक श्रद्धेचा, दुसरा नशेचा आणि तिसरा औषधाचा. या तिन्हींचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. वस्तू देवाला वाहिली जाते, एवढ्यावरून ती औषध ठरत नाही. ती औषध आहे, एवढ्यावरून तिची नशा निर्दोष ठरत नाही. आणि तिची नशा होते, एवढ्यावरून तिचा औषधी उपयोग खोटाही ठरत नाही. प्रस्तुत लेखाचे सार एवढेच आहे; पुढील विवेचन त्याच्या स्पष्टीकरणार्थ.

झाड एक, पदार्थ तीन

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव कॅनाबिस असे आहे. तिची पाने वाटून केलेली ती भांग. मादी झाडाच्या फुलोऱ्याचे शेंडे वाळवून होतो तो गांजा, आणि झाडाचा राळेसारखा चीक काढून तयार होते ती चरस. आपल्याकडील ताग व अंबाडी यांचेही वाख निघतात. परंतु ती निराळी झाडे असून त्यांचा या विषयाशी संबंध नाही.

नशा आणणारे मुख्य द्रव्य टी.एच.सी. या नावाने ओळखले जाते. इस्रायलमधील शास्त्रज्ञ राफाएल मेशुलम व त्यांचे सहकारी यांनी ते १९६४ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पानांत त्याचे प्रमाण कमी, फुलोऱ्यात अधिक व चरसेत बहुधा त्याहून अधिक असते. याच झाडात सी.बी.डी. नावाचे दुसरेही द्रव्य आहे. त्याने नशा होत नाही. मात्र काही विकारांत त्याचा उपयोग सिद्ध झाला आहे. एकाच झाडाबद्दल एक जण विष म्हणतो आणि दुसरा अमृत म्हणतो, याचे निम्मे कारण असे की दोघे वेगवेगळ्या पदार्थांविषयी बोलत असतात.

पूजेतील स्थान

अथर्ववेदात भंगेचा उल्लेख आहे. उत्तर भारतात महाशिवरात्र व होळी या सणांना भांग घेण्याची चाल जुनी आहे. ही परंपरा आम्ही नाकारीत नाही, आणि जे भाविक शिवपिंडीवर भांगेचे पान वाहतात त्यांच्या भावनेचा आम्ही आदरच करतो.

तथापि एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. महादेवाला आपण धोत्र्याचे फळ वाहतो, रुईची फुले वाहतो. ही दोन्ही झाडे विषारी आहेत, आणि कोणताही भाविक घरी येऊन धोत्र्याचे फळ प्रसाद म्हणून खात नाही. हलाहल प्राशन करणाऱ्या नीलकंठाला वाहावयाचे पदार्थ आणि आपण सेवन करावयाचे पदार्थ यांत आपल्या पूर्वजांनी हा विवेक आधीच केलेला आहे. धोत्र्याच्या बाबतीत तो सर्वांना मान्य आहे. भांगेच्या बाबतीत मात्र तो विसरला जातो.

मराठी भाविकांच्या घरी पारायणाला असणाऱ्या 'श्री गजानन विजय' या दासगणू महाराजांच्या ग्रंथातही असा प्रसंग आहे. काशीहून आलेल्या एका गोसाव्याने महाराजांना गांजा अर्पण करण्याचा नवस केलेला होता व महाराजांनी त्याचा भाव जाणून तो स्वीकारला. परंतु महाराज त्या व्यसनाच्या अधीन नव्हते, असेही त्याच ग्रंथात सांगितले आहे. कथेचा पूर्वार्ध चिलीम ओढणाऱ्यांना पाठ असतो; उत्तरार्ध सांगणारे थोडे.

शंभर वर्षांपूर्वीची चौकशी

गांजावर बंदी असावी की नसावी, हा वाद नवा नाही. १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न उपस्थित झाल्यावर हिंदुस्थान सरकारने 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमले. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष होते आणि सात सभासदांत तीन हिंदी गृहस्थ होते. आयोगाने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल सादर केला. त्या काळी गांजाची लागवड सरकारी देखरेखीखाली होत असे. मध्य प्रांतातील खांडवा आणि मुंबई इलाख्यातील अहमदनगर ही नावे त्यासाठी प्रसिद्ध होती.

आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांतील कागदपत्रेही तपासली. वेडाचे कारण 'गांजा' असे जेथे लिहिले होते, तेथे पुष्कळदा त्यास पुरेसा आधार नसून कारकुनाने वा पोलिसाने ते ऐकीव माहितीवर भरले होते, असे आढळले. मर्यादित सेवनाने बहुतेकांस विशेष अपाय होत नाही, अतिसेवनाने मात्र शरीर व मन दोन्ही बिघडतात, आणि सरसकट बंदीपेक्षा कर व परवाने यांनी नियंत्रण ठेवावे, असा आयोगाचा निष्कर्ष होता. बंदीने धार्मिक भावना दुखावतील, ही बाबही त्याने विचारात घेतली होती.

आज कायदेशीर मान्यतेची मागणी करणारे या अहवालाचा दाखला देतात. तो दाखला खोटा नाही. परंतु तो अहवाल लिहिला गेला तेव्हा टी.एच.सी. हे द्रव्य कोणास ठाऊक नव्हते, आणि आजच्यासारखी मुद्दाम तीव्र केलेली वाणेही नव्हती. म्हणून तो मार्गदर्शक आहे, अंतिम नाही.

आजचा कायदा

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारास अनुसरून आपल्या संसदेने गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ संमत केला. बोलण्यात यालाच एन.डी.पी.एस. कायदा म्हणतात. या कायद्याच्या व्याख्येत चरस येते आणि फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा येतो. शेंड्यांवाचूनची नुसती पाने व बिया त्यातून वगळलेल्या आहेत. म्हणजे भांग हा केंद्रीय कायद्याखालील गांजा नव्हे. तिचे नियमन राज्यांकडे आहे. कर्नाटक उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये एका जामीन प्रकरणात हाच भेद मान्य केला.

आपल्या मध्य प्रदेशात १९१५ च्या आबकारी अधिनियमाखाली भांगेची परवानाधारक दुकाने चालतात. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्यावाचून भांग बाळगणे वा सेवन करणे हा अपराध आहे. नया बाज़ारातील कित्येक कुटुंबांचे नातेवाईक पुणे, नागपूर, मुंबई येथे आहेत. येथून जाताना 'इकडे मिळते, म्हणून तिकडे चालेल' असे समजून भांगेची गोळी वा मिठाई बरोबर नेऊ नये, ही विनंती.

गांजाविषयी तर कोणताही संभ्रम नसावा. १ किलोपर्यंत गांजा किंवा १०० ग्रॅमपर्यंत चरस ही 'अल्प मात्रा' मानली जाते. परंतु अल्प मात्रा म्हणजे माफी नव्हे. तिच्यासाठी १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २० किलो गांजा वा १ किलो चरस यांपासून पुढे 'व्यावसायिक मात्रा' धरतात व शिक्षा १० ते २० वर्षांची असते. मित्राची पिशवी सांभाळणारा मुलगाही या कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतो, हे पालकांनी घरात स्पष्टपणे सांगावे. कॅनडा, अमेरिका येथून सुटीवर येणाऱ्या मुलांनी तेथे दुकानांत मिळणाऱ्या गांजाच्या गोळ्या वा चॉकलेटे येथे आणू नयेत. तेथील परवानगी येथील विमानतळावर कामास येत नाही.

याच कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने सरकारमान्य केंद्रात उपचार घेण्यास तयार झाली, तर अल्प मात्रेच्या वा सेवनाच्या आरोपातून तिला संरक्षण मिळू शकते. शिक्षेची कलमे सर्वांना माहीत असतात. हे कलम माहीत नसते.

ग्वाल्हेरचा संबंध आणि अफूचा धडा

ज्या खात्याकडे या विषयाचा मोठा कारभार आहे, ते आपल्याच शहरात आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात नसते. केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोची स्थापना १९५० मध्ये झाली व १९६० मध्ये त्याचे मुख्यालय सिमल्याहून ग्वाल्हेरला आले. आजही ते मुरार भागात आहे. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथील अफूच्या शेतकऱ्यांना परवाने देणे, पिकाची मोजणी करणे आणि अफू ताब्यात घेणे ही कामे या खात्याच्या देखरेखीखाली चालतात. ही अफू नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत जाते आणि तिच्यापासून मॉर्फिन, कोडीन यांसारखी औषधी द्रव्ये मिळतात. शिंदे सरकारच्या काळी मंदसौरचा प्रदेश ग्वाल्हेर संस्थानात होता. माळव्याच्या अफूचा इतिहास हा म्हणूनच आपल्याही इतिहासाचा भाग आहे.

अफू ही भांगेपेक्षा कितीतरी अधिक घातक. तरीही कर्करोगाच्या असह्य वेदनेत मॉर्फिनसारखा दुसरा आधार क्वचितच असतो. म्हणजे एकच पदार्थ चोरट्या बाजारात घरे उद्ध्वस्त करतो आणि डॉक्टरांच्या हाती मरणोन्मुख माणसास शांत झोप देतो. फरक पदार्थात नाही. शुद्धता, मात्रा, देखरेख आणि हेतू यांत आहे.

या धड्याला दुसरी बाजूही आहे. १९८५ च्या कायद्यानंतर मॉर्फिनसाठी राज्याराज्यांत इतक्या परवानग्या लागू लागल्या की रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले आणि देशातील त्याचा वैद्यकीय वापर मोठ्या प्रमाणात घटला. हजारो रुग्णांनी वेदनेत दिवस काढले. अखेर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिनसह काही अत्यावश्यक औषधांसाठी देशभर समान नियम आले. व्यसनाच्या भीतीने कायदा फार आवळला, तर त्याचा फास निरपराध रुग्णाच्या गळ्यास बसतो, हे यावरून दिसते.

औषध म्हणून काय सिद्ध झाले आहे

आयुर्वेदात या वनस्पतीस 'विजया' म्हणतात. 'शार्ङ्गधर संहिता' व तिच्यानंतरच्या ग्रंथांत तिचा उल्लेख आहे आणि जातीफलादि चूर्णासारख्या योगांत ती वापरली जाते. तिचा अंतर्भाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ अनुसूचीत, म्हणजे विषारी द्रव्यांच्या सूचीत आहे. त्यामुळे अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक असते.

पाश्चात्त्य वैद्यकास या वनस्पतीची ओळख करून देणाऱ्यांत कलकत्ता मेडिकल कॉलेजचे डॉ. विल्यम ओशॉनेसी हे अग्रणी होत. १८३९ मध्ये त्यांनी धनुर्वात, संधिवात, बालकांच्या आकड्या इत्यादींवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. जवळजवळ १८० वर्षांनी, २०१८ मध्ये, अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने शुद्ध सी.बी.डी.चे औषध लहान मुलांच्या दोन दुर्धर अपस्मार प्रकारांसाठी मान्य केले. केमोथेरपीने होणाऱ्या मळमळ-उलट्यांवर टी.एच.सी.सारख्या द्रव्याच्या गोळ्यांना तेथे १९८५ मध्येच मान्यता मिळाली होती. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या विकारात स्नायूंचा ताठरपणा कमी करणारा फवारा ब्रिटनमध्ये २०१० पासून उपलब्ध आहे. जुनाट वेदनेवर काही रुग्णांना थोडाफार उपयोग होतो, असे दिसते. आपल्या देशात जम्मू येथील केंद्रीय प्रयोगशाळेत या वनस्पतीवर संशोधन चालू आहे.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. औषधी उपयोग ही भाकडकथा नाही. आणि तो चिलमीतून वा थंडाईतून सिद्ध झालेला नसून मोजलेल्या, शुद्ध मात्रेतून सिद्ध झालेला आहे. कर्करोग बरा होतो, असे मात्र मनुष्यांवरील प्रयोगांत सिद्ध झालेले नाही. म्हणून ज्या घरी कर्करोगाचा रुग्ण आहे त्यांना आम्ही कळकळीने सांगतो : तेलाच्या भरवशावर शस्त्रक्रिया वा केमोथेरपी लांबवू नका. वेदना वा मळमळ यांसाठी काही घ्यावेसे वाटले तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांस विचारा. सी.बी.डी.मुळे रक्त पातळ करणाऱ्या व अपस्माराच्या काही औषधांचा परिणाम बदलतो. परवाना क्रमांक नसलेली बाटली घरात आणूच नका.

अपायही नोंदविले पाहिजेत. किशोरवयात नियमित सेवन सुरू केल्यास स्मरणशक्ती व एकाग्रता यांवर परिणाम होतो, आणि ज्यांच्या घराण्यात गंभीर मनोविकार आहेत त्यांना धोका अधिक असतो. गर्भवती स्त्रिया व हृदयविकाराचे रुग्ण यांनी दूरच राहावे. पोटात घेतलेल्या भांगेचा अंमल चढण्यास अर्धा ते दोन तास लागतात. 'काहीच झाले नाही' म्हणून माणूस दुसरा पेला घेतो आणि मग दोन्हींचा अंमल एकदम चढतो. त्यात कोणी धोत्र्याचे बी मिसळले असेल, तर जिवावर बेतू शकते.

वादाच्या दोन बाजू

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेले सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे ३.१ कोटी लोकांनी वर्षभरात भांग, गांजा वा चरस यांपैकी काही घेतले होते. सुमारे ७२ लाख लोकांना त्यापायी मदतीची आवश्यकता होती. मान्यतेचे समर्थक म्हणतात, एवढ्या लोकांना अपराधी ठरवून काय साधले? धंदा चोरांच्या हाती गेला आणि शेतकऱ्याचे एक पीक बुडाले. विरोधक त्याच आकड्याकडे बोट दाखवितात : बंदी असताना ७२ लाख, तर खुली विक्री झाल्यावर किती?

जगाचा अनुभवही संमिश्र आहे. उरुग्वेने २०१३ मध्ये, कॅनडाने २०१८ मध्ये मान्यता दिली. जर्मनीने २०२४ मध्ये मर्यादित मोकळीक दिली. थायलंडने २०२२ मध्ये निर्बंध उठविले आणि गल्लोगल्ली दुकाने झाल्यावर २०२५ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट पुन्हा घातली. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये २७ विरुद्ध २५ मतांनी या वनस्पतीस सर्वांत कडक सूचीतून काढले. भारताने बाजूने मत दिले. ते मत औषधी उपयोग मान्य करणारे होते, नशेस परवाना देणारे नव्हे.

आपल्या देशात उत्तराखंडने २०१८ पासून टी.एच.सी. अत्यल्प असलेल्या वाणाच्या लागवडीस परवाने देण्यास प्रारंभ केला. मध्य प्रदेशातही २०१९ मध्ये तत्कालीन सरकारने औषधी व औद्योगिक लागवडीचा विचार जाहीर केला होता. त्यावर बरीच टीका झाली आणि २०२० मध्ये सरकार बदलले. त्या वेळी दोन्ही बाजूंनी जे बोलले गेले, त्यात औषधी लागवड आणि नशेची मोकळीक यांतील फरक फारसा कोणी स्पष्ट केला नाही.

न्यासाची भूमिका

राजकीय प्रश्नावर मत देणे हे न्यासाचे काम नव्हे. परंतु विचारणाऱ्यास विचारपूर्वक उत्तर देणे हे कर्तव्य आहे. आमच्या मते अफूच्या बाबतीत जी व्यवस्था देशाने उभी केली, तिचाच मार्ग येथे योग्य ठरेल : परवान्याची लागवड, सरकारी मोजणी, शुद्ध औषध आणि डॉक्टरांची चिठ्ठी. मॉर्फिनच्या बाबतीत झाला तसा विलंब मात्र होऊ नये. अपस्मारग्रस्त बालकाच्या आईस औषध मिळावे, यासाठी शाळेच्या दारात गांजा विकला जाण्याची गरज नाही; आणि शाळेच्या दारातील विक्री थांबावी, यासाठी त्या आईस रिकाम्या हाती पाठविण्याचीही गरज नाही.

राहिला थंडाईचा प्रश्न. प्रसाद घेणाऱ्यांत बालके असतात, गर्भवती भगिनी असतात, हृदयविकाराची व मधुमेहाची औषधे घेणारे ज्येष्ठ असतात. प्रसाद नाकारू नये असा आपला संस्कार असल्याने समोर आलेला पेला कोणी परत करीत नाही. ज्याला नकार देणे कठीण, त्यात अंमल आणणारा पदार्थ घालणे उचित नव्हे. म्हणून आपल्या मंदिराची थंडाई दूध, बदाम, बडीशेप, खसखस, मिरी व गुलाबपाकळ्या यांचीच राहील. पिंडीवर भांगेचे पान वाहण्यास कोणतीही मनाई नाही. निर्माल्य मात्र सेवक गोळा करून विसर्जित करतील. कृपया ते कोणी उचलून नेऊ नये.

ज्यांच्या घरी व्यसनाची अडचण आहे, त्यांनी लोकलज्जेने ती झाकू नये. नशामुक्तीची राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. ज्यांना कार्यालयात येऊन बोलावयाचे असेल त्यांनी सायंआरतीनंतर यावे. त्यांचे नाव कोठेही नोंदविले जाणार नाही.

आपला विनीत,
सचिव, विश्वस्त मंडळाच्या वतीने
नया बाज़ार, लष्कर, ग्वाल्हेर